चर्चचं छप्पर आणि आत्याचा पीएफ

सोलापूरहून एका मुलीचं पत्र आलं आहे. नाव अर्थातच देत नाही. मजकूर थोडा कमी केला आहे.

"ताई, सलाम. मी 28 वर्षांची, एका खाजगी प्राथमिक शाळेत शिकवते. आमचं घर पणजोबांपासून ख्रिस्ती. बाबा पोस्टातून रिटायर झाले. आमच्या चर्चच्या मंडळीत तरुण संघाची मी सेक्रेटरी आहे. आमच्या मागच्या गल्लीत विडी वळणाऱ्या बायका पुष्कळ. मुलांच्या स्कॉलरशिपचे, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचे फॉर्म भरून देता देता त्यांच्या युनियनशी ओळख झाली. गेल्या महिन्यात किमान वेतनासाठी पूनम गेटला धरणं होतं. मी गेले. आग्रह झाला म्हणून माइकवर चार वाक्यं बोलले आणि द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला सांगितला. कुणीतरी व्हिडिओ काढला, तो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, काही तरुण क्रूस सोडून लाल झेंडा धरायला लागलेत. आपलं काम आत्म्यांचं, राजकारणाचं नव्हे. कमिटीनं निरोप दिला, एक तर संघाचं पद सोड, नाहीतर मोर्चे सोड. कमिटीत एक वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांचा टॉवेलचा यंत्रमाग कारखाना आहे. चर्चवर नवं छप्पर पडलं ते बरंचसं त्यांच्या देणगीतून. माझी आत्या त्यांच्याकडे पंधरा वर्षं कांड्या भरते. तिला पीएफ नाही. बाबा म्हणतात, आपण मूठभर माणसं, कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये. मी काय करू? ख्रिस्ती माणसानं यात पडू नये हे खरं का? पद सोडू का? आणि आत्याचं काय?"

सलाम.

आधी त्या दाखल्याचं बोलू. उन्हात बसलेल्या बायकांसमोर तुला बायबलातल्या मत्तयाचा विसावा अध्याय आठवला याचं मला कौतुक वाटलं. पण कमिटीतले ते गृहस्थ शास्त्र वाचणारे असतील तर त्याच अध्यायावरून तुला अडवतील. उशिरा आलेल्यांनाही तेवढीच मजुरी मिळाली म्हणून पहाटेपासून राबलेले मजूर कुरकुर करतात तेव्हा मळ्याचा मालक विचारतो, माझ्या पैशाचं मला हवं ते करायची मुभा नाही का? हे वाक्य कारखानदारांच्या फार सोयीचं आहे. तेवढंच उचललं की दर ठरवायला मालक मोकळा.

म्हणून पुन्हा कधी सांगशील तर शेवटपर्यंत सांग. तो मालक दिवसातून पाच वेळा बाजारात जातो. संध्याकाळी जे उभे दिसतात ते आळशी नाहीत, त्यांना दिवसभर कुणी कामावर घेतलेलंच नाही. त्यांच्या हातावरही एक दिनार पडतो, त्या काळची एका दिवसाची पुरी मजुरी, तासाभराच्या कामाला. कारण घरी खाणारी तोंडं तासाभराची नसतात. मालक आपली मुभा वापरतो ती जास्त द्यायला. कमी द्यायला या दाखल्यात कुठेच आधार नाही.

आता हे तुझ्या मागच्या गल्लीला लावून बघ. रात्री पानं भिजवून गोणपाटात गुंडाळायची, सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. कारखान्यात नेऊन दिल्या की तपासणारा त्यातल्या काही बाजूला टाकतो, ती छाट. छाटीचे पैसे नाहीत. दिलेली पानं कमी पडली तर बाजारातून पदरच्या पैशानं आणायची. दर हजारावर. तिशीतल्या बाईची दिवसात हजार विडी होत असेल, तर बोटं आखडलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू असलेली साठीतली बाई सहाशे-सातशेवर थांबते. दोघींना दर एकच, म्हणजे हिशोब चोख. हाच चोख हिशोब येशूच्या दाखल्यातला मालक मोडतो. धरण्यातल्या किमान वेतनाच्या मागणीच्याही हे बरंच पुढचं आहे, आणि माझा अंदाज असा की युनियनच्या पुढाऱ्यांनाही ते पचायला जड जाईल. त्यांनाही एकदा विचारून बघ.

अडकवून ठेवलेल्या मजुरीबद्दल सरळ वचन हवं असेल तर याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय आहे. शेतं कापणाऱ्यांची तुम्ही दाबून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे, असं तो श्रीमंतांना तोंडावर सांगतो. लेवीयात साधा नियमच आहे, मजुराचे पैसे रात्रभर आपल्याजवळ ठेवायचे नाहीत. यावर उपदेश किती वर्षांत ऐकलास, आठवून बघ.

पाळकसाहेबांचं म्हणणं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांना एक खरी भीती आहे. आज एका पक्षाचा झेंडा, उद्या दुसऱ्याचा, आणि निवडणूक आली की उमेदवार वेदीजवळ उभा राहून मेणबत्ती लावणार, हे अनेक मंडळ्यांनी पाहिलं आहे. चर्चनं पक्षाची शाखा होऊ नये, इथपर्यंत मी त्यांच्याबरोबर आहे. शिवाय (हे जरा हळू सांगते) त्यांचा पगार मंडळीच्या वर्गणीतून येतो आणि वर्गणीत मोठा आकडा कुणाचा हे तू पत्रातच लिहिलं आहेस. आपल्या कितीतरी पाळकांचे पगार तुटपुंजे असतात आणि वेळेवर होत नाहीत. मजुरी थकण्याचं दुःख त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळत असेल. त्यांच्या घरी जा, चहा घे, आणि भांडायच्या आधी त्यांना विचार की तो व्हिडिओ पाहून नेमकं काय खटकलं.

पण 'आत्म्यांचं काम' आणि 'राजकारण' अशी त्यांनी जी वाटणी केली आहे ती शास्त्रात सापडत नाही. नासरेथच्या सभास्थानात येशूनं यशया उघडून गरिबांना सुवार्ता, बंदिवानांची सुटका, ठेचलेल्यांची मोकळीक वाचून दाखवली, तोवर सगळे खूष होते. मग त्यानं सारफथची विधवा आणि सिरियाचा नामान, अशी परक्यांची नावं घेतली, आणि तीच माणसं त्याला कड्यावरून लोटून द्यायला निघाली. ते काही त्याच्या खाजगी भक्तीवर चिडले नव्हते.

आणि आपल्या मंडळ्या राजकारणापासून लांब असतात हेही खरं नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. पुढे त्याच आदेशात शिखांना 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये सामावून घेतलं, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. या मागणीसाठी चर्चेस निवेदनं देतात, मोर्चे काढतात, बिशप झगे घालून पुढे चालतात. चांगलंच करतात. पण आपल्या हक्कासाठी रस्त्यावर उतरलो तर ती साक्ष, आणि शेजारणीच्या मजुरीसाठी उतरलो तर ते राजकारण, हे गणित मला तरी सुटत नाही. तुझ्या कमिटीला सुटत असेल तर त्यांनी ते समजावून सांगावं.

जुन्या माणसांची नावं घ्यायची तर पंडिता रमाबाईंपासून सुरुवात कर. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागे पडलं की केडगाव लागतं, तिथलं मुक्ती मिशन कमिटीतल्या सगळ्यांना माहीत असतं. दुष्काळातल्या निराधार बायका-मुलींना आसरा देणाऱ्या रमाबाई सगळ्यांना चालतात. पण याच रमाबाईंनी 1882 मध्ये सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन बायकांसाठी स्त्री डॉक्टर आणि शिक्षिका मागितल्या. 1889 च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला त्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. आणि 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात बायकांचे जे हाल चालले होते त्यावर त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्राला जाहीर पत्र लिहिलं. सरकार ख्रिस्ती इंग्रजांचं, मदत करणारे मित्रही इंग्रज आणि अमेरिकन. गव्हर्नरनं आरोप फेटाळले. त्या गप्प बसल्या असत्या तर केडगावला काही कमी पडलं नसतं. तरी त्यांनी लिहिलं. कॅथलिकांत पोप तेरावे लिओ यांनी 1891 सालीच परिपत्रक काढून कामगारांचा संघटना करण्याचा हक्क मान्य केला. आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो तर अगदी अलीकडचे. वसईची हिरवाई वाचवायच्या लढ्यात ते रस्त्यावर होते, आणि जानेवारी 2020 मध्ये तुमच्या शेजारच्या उस्मानाबादला मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर बसले. धर्मगुरू म्हणून त्यांच्या निवडीला विरोध झाला, तरी संमेलन पार पडलं.

तुमच्या शहरातलीच एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही अजूनही ज्या भागाला सेटलमेंट म्हणता ती काय होती? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं कित्येक जमातींना जन्मावरूनच गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवलं, त्यांची हजेरी घेतली, त्यांना गिरण्यांत कामाला लावलं. त्या सेटलमेंटचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता, ज्या मिशनमधून तुमच्याकडच्या बऱ्याच मंडळ्या उभ्या राहिल्या. मिशनच्या माणसांनी तिथे मुलांना शिकवलं, आजाऱ्यांना औषधपाणी केलं. मी त्यांना नावं ठेवत नाही, परक्या मुलखात येऊन लोकांच्या मुलांची नाकं पुसणाऱ्याला नावं ठेवायला मी कोण? पण शिकवल्यानं तार तुटत नाही. मूल चौथी शिकलं तरी रात्री हजेरीला उभंच. तो कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला, दिल्लीत, आणि तो राजकारण करणाऱ्या माणसांनी केला. तू फॉर्म भरून देत होतीस तोवर कमिटी खूष होती, धरण्याला गेलीस तेव्हा बिनसलं. सेटलमेंटच्या शाळेपासून आपली मंडळी नेमकी इथेच अडखळत आली आहे. सेवा करा, पण कुंपण कुणी घातलं ते विचारू नका.

लाल झेंड्याचं थोडक्यात सांगते. तुमच्या जवळच कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे माजी आमदार नरसय्या आडम आणि त्यांच्या संघटनेनं ती लढून मिळवली, आणि 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी येऊन ती घरं दिली. जानेवारी 2024 मध्ये त्याच भागात रे नगरची पंधरा हजार घरं दिली गेली, तेव्हा आले पंतप्रधान मोदी. दोन्ही पंतप्रधान डावे नव्हते, एकमेकांच्या पक्षाचे तर नव्हतेच. घर मिळालेल्या बाईला झेंड्याचा रंग कुणी विचारला नाही. तू युनियनबरोबर मजुरीच्या प्रश्नावर जा, देव आहे की नाही हा त्यांच्याशी असलेला तुझा मतभेद जागच्या जागी राहू दे. फक्त निवडणुकीच्या सभेत 'आमच्या ख्रिस्ती भगिनी' म्हणून व्यासपीठावर बसवायला लागले तर उठून ये. तिथे पाळकसाहेबांचं म्हणणं खरं ठरेल.

आता पदाचं. राजीनामा देऊ नकोस. निरोपावर तर मुळीच नाही. व्हॉट्सॲपवर आलेला, कुणाच्या तरी तोंडून आलेला 'कमिटीचं म्हणणं आहे' याला काही अर्थ नसतो. कमिटीच्या सेक्रेटरीला एक नम्र पत्र लिही की माझ्यावर आक्षेप असेल तर कमिटीनं बैठकीत ठराव करावा, कारण मिनिट बुकात नोंदवावं आणि मला प्रत द्यावी. 'किमान वेतनाच्या धरण्याला गेली म्हणून' हे वाक्य मिनिट बुकात लिहून खाली सही करायची वेळ आली की बऱ्याच जणांचा हात थबकेल. त्याच पत्रात तूही एक गोष्ट कबूल कर. तरुण संघाचं लेटरहेड, संघाचा ग्रुप, संघाचं नाव तू युनियनच्या कामासाठी वापरणार नाहीस. धरण्याला तू जातेस ती सोलापूरची नागरिक म्हणून, स्वतःच्या नावानं. मंडळीनं तुला तिकडे पाठवलेलं नाही, तेव्हा मंडळीच्या वतीनं बोलायचा हक्क तुला नाही, आणि तुझ्या नावानं तुला गप्प करायचा हक्क त्यांना नाही. तरीही ठराव झालाच तर पद जाऊ दे. मंडळी सोडू नकोस. रागारागानं दुसऱ्या चर्चला जाऊन बसणारी आपल्यात थोडी नाहीत, त्यांच्या जाण्यानं कमिट्यांना बरंच वाटतं.

बाबांची गोष्ट वेगळी आहे. ते भित्रे आहेत असं मनातही आणू नकोस. आज कुणाच्या घरी चार माणसं जमून प्रार्थना झाली तरी दारात विचारपूस होते, हे ते पेपरात वाचतात. त्यांच्या भीतीला उत्तर द्यायचं तर वागण्यातून दे. विडीवाल्या बायकांचे फॉर्म भरतेस तिथे पत्रिका नको, नवा करार नको, 'चला आधी प्रार्थना करू' नको. लाज वाटते म्हणून नव्हे. ज्या बाईचं पेन्शन तुझ्या हातातल्या कागदावर अवलंबून आहे तिला तू प्रार्थनेला बस म्हटलंस तर ती नाही म्हणू शकत नाही, आणि नाही म्हणता येत नसेल तर तिच्या हो ला देवाघरीही किंमत नाही. रमाबाईंचंच उदाहरण पुन्हा घे. 1893 मध्ये त्यांच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेवरून, तिथे मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून, केवढं वादळ झालं! त्यांचं म्हणणं, मी माझ्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करते, मुली आपणहून येतात. रानडे आणि भांडारकरांना ते पटलं नाही, ते सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंनी जबरदस्ती केली असं मला वाटत नाही. पण आसरा देणाऱ्या बाईचं उघडं दार आसऱ्याला आलेल्या मुलीला किती उघडं वाटतं, हा प्रश्न त्या वेळी विचारणारेही चुकीचे नव्हते. तुझ्याकडे कुणी आपणहून विचारलं, बाई तुम्ही हे का करता, तर मात्र लपवू नकोस. खरं ते सांग.

बाबांशी बोलताना स्वातंत्र्यलढ्यातल्या तुमच्या चार हुतात्म्यांचा विषय काढायचा मोह होईल. पूनम गेटपासून त्यांचे पुतळे जवळच, आणि 1931 मध्ये फाशी गेलेल्या त्या चौघांतले कुर्बान हुसेन तरुण, मुसलमान, कामगारांत वावरणारे. पण हा दाखला बाबांना देऊ नकोस. त्यांना धीर यायचा सोडून झोप उडेल. त्याऐवजी त्यांच्याच नोकरीची गोष्ट काढ. डिसेंबर 2000 मध्ये देशभर पोस्टाचा संप झाला होता. खेड्यापाड्यांत तुटपुंज्या भत्त्यावर टपाल वाटणाऱ्या, कायम नसलेल्या डाकसेवकांचा प्रश्न त्यात पुढे होता. बाबा तेव्हा नोकरीत असतील. संपावर होते का, कुणासाठी होते, घरात काय बोलणं झालं, विचार. ते काय सांगतील मला ठाऊक नाही, पण पोस्टातली माणसं या विषयावर एकदा बोलायला लागली की लवकर थांबत नाहीत.

राहिली आत्या. तुझ्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे, आणि तू तो शेवटी एका ओळीत लिहिला आहेस.

पहिली गोष्ट, तू आत्याला विचारलं आहेस का? पत्रावरून तसं दिसत नाही. काम तिचं, पोट तिचं. उद्या मालकानं 'उद्यापासून येऊ नको' म्हटलं तर तुझी शाळेतली नोकरी शाबूत राहील, तिची नाही. ती हो म्हणेपर्यंत तिचं नाव कुठेही घ्यायचं नाही, कमिटीत नाही, युनियनच्या ऑफिसात नाही आणि प्रार्थनेच्या विनंतीतही नाही. आपल्याकडे प्रार्थनेच्या विनंतीतून किती बातम्या पसरतात ते तुला माहीत आहे.

तिला काय सांगायचं ते नीट समजून घे. भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे पीएफचा, कायदा 1952 मध्ये आला आणि वीस किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला पीएफ लागू होतो. म्हणून यंत्रमागाच्या धंद्यात एकाच शेडमधले माग बायकोच्या, भावाच्या, मुलाच्या नावानं वेगवेगळे दाखवायची रीत पडली आहे. प्रत्येक नावावर माणसं वीसच्या आत. आत्याच्या मालकानं तसं केलं आहे की नाही हे तुला माहीत नाही, मलाही नाही, तेव्हा आरोप करू नकोस. पेन्शनला दहा वर्षांची सदस्यता लागते. आत्याची पंधरा झाली. वेळेवर नाव चढलं असतं तर पेन्शनचा हक्क केव्हाच पुरा होऊन वर पाच वर्षं झाली असती. पन्नाशीपुढच्या, खांदे भरून आलेल्या बाईला हा हिशोब सांगताना जरा बेतानं सांग.

त्या गृहस्थांनाही मी नाबोथाचा मळा बळकावणारा अहाब राजा समजत नाही. सोलापूरचा यंत्रमाग कसा चालला आहे ते तू बघतेसच. सुताचे भाव, विजेचं बिल, बंद पडलेले माग, भंगारात गेलेले माग. लहान कारखानदार स्वतः कर्जात असतो. पण कर्जातल्या माणसाला चर्चच्या छपराला देणगी देता आली, तर आत्याचा पीएफ परवडत नाही हे त्याला स्वतःलाही पटणार नाही. आत्या तयार असेल तर त्यांच्याकडे आधी एकांतात जायचं, मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितलं आहे तसं. तू एकटी नको, बाबांना घेऊन जा, त्यांचा आणि त्या गृहस्थांचा जुना परिचय असणारच. बोलताना नहेम्याचा पाचवा अध्याय डोक्यात ठेव. यरुशलेमेचा कोट बांधायचं काम जोरात चालू असतानाच गरिबांनी ओरड केली की आमची शेतं गहाण पडली, आमची मुलं दास झाली, आणि सावकार आमचेच भाऊबंद. नहेम्यानं तोंडावर हिशोब मागितला, पण त्यातच 'मी आणि माझे भाऊही उसने देतो' हेही कबूल केलं. शेतं आणि घरं त्याच दिवशी परत करायला लावली. कोटाचं काम पवित्र आहे म्हणून ओरड पुढच्या वर्षावर ढकलली नाही.

त्यांनी ऐकलं तर नाव चढवून घ्यायची मागणी पहिल्या दिवसापासूनची करा, 'या महिन्यापासून घालतो' यावर लगेच मान डोलवू नका. नाही ऐकलं, तर सोलापुरात पीएफचं ऑफिस आहे, तिथे तक्रार करता येते, आणि त्यासाठी आत्यानं तिथे काम केल्याचा पुरावा लागेल. हजेरीची वही मालकाकडे असते, तुमच्याकडे काय आहे ते शोधा. दिवाळीच्या बोनसची चिठ्ठी, बँकेत कधी पगार आला असेल तर पासबुक, ईएसआयचं कार्ड, आठवड्याचा हिशोब लिहिलेली चिठ्ठी, जुना फोटो, काहीही. बरोबर कांड्या भरणाऱ्या बायका काय म्हणतात तेही बघ, कारण त्यांनाही पीएफ नसणार, आणि सगळ्याजणी मिळून गेल्या तर एकीलाच घरी बसवणं मालकाला अवघड जातं. इथे युनियन तुझ्या उपयोगी पडेल.

आत्या नको म्हणाली, तर नको. तिच्याशी वाद घालू नकोस आणि तिला भित्रीही म्हणू नकोस. मग कमिटीपुढे दुसरा प्रश्न ठेव, जो तिच्या नावाशिवाय विचारता येतो. चर्चच्या आवाराची झाडलोट करणारी बाई आणि रात्रीचा वॉचमन यांना मंडळी महिन्याला काय देते, तो आकडा किमान वेतनाच्या किती खाली आहे, आणि त्यांच्या म्हातारपणाची काय सोय आहे. वार्षिक सभेत हिशोब मांडतात तेव्हा हे तोंडी विचारू नकोस, 'बघू पुढच्या वेळी' म्हणून उडवतील. आधी सेक्रेटरीकडे लेखी दे आणि पोच घे.